घरच्या वाइनसाठी लाकडी पिंप: कोणते घ्यावे आणि कसे सांभाळावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी दरवर्षी साधारण ६५ लिटर लाल वाइन होते. आतापर्यंत ती काचेच्या कार्बॉयमध्ये, म्हणजे अरुंद गळ्याच्या मोठ्या बरणीत ठेवली, आता लाकडी पिंपात मुरवायची आहे. समोर तीन पर्याय आहेत: २० लिटरचे कोरे पिंप, वायनरीतून निघालेले २२५ लिटरचे जुने पिंप आणि व्हिस्की काढून रिकामे झालेले एक पिंप. यांतले कोणते घ्यावे, आणि घेतलेले पिंप वर्षानुवर्षे टिकवायचे कसे?

माझे मत विचाराल तर तिन्ही घेऊ नका. थोडे थांबून ५० लिटरच्या आसपासचे, ओकचे, मध्यम भाजलेले (आतून आचेवर शेकलेले) पिंप शोधा. ६५ लिटरपैकी ५० लिटर पिंपात जाईल आणि उरलेली वाइन काचेत राहील. ही काचेतली वाइन शिल्लक म्हणून पडून राहणार नाही, पिंपाइतकीच तिची गरज लागणार आहे. पिंपातली वाइन सतत उडत असते आणि झालेली तूट त्याच वाइनने भरून काढावी लागते. त्यामुळे पिंप निवडताना लाकूड कोणते, भाजणी कोणती, कारागीर कोण, हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न असा, की हे पिंप मी बारा महिने काठोकाठ भरलेले ठेवू शकेन का? याचे उत्तर ‘हो’ येत नसेल, तर जगातले उत्तम पिंपसुद्धा तुमची वाइन बिघडवेल.

आकारापासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. ‘माझ्याकडे वाइन थोडी, म्हणून पिंपही छोटे’ हा हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण पिंप लहान होते तसे दर लिटर वाइनच्या वाट्याला येणारे लाकूड वाढत जाते. २२५ लिटरच्या पिंपाची लांबी-रुंदी निम्मी केली तर त्यात जेमतेम २८ लिटर मावतात आणि प्रत्येक लिटरला दुप्पट लाकूड लागते. २० लिटरच्या पिंपात हे प्रमाण सव्वादोन पटीच्या घरात जाते, ५० लिटरच्या पिंपात सुमारे एक पूर्णांक सहा दशांश पट राहते. शिवाय छोट्या पिंपाच्या फळ्याही बहुधा पातळ असतात, म्हणजे हवा जास्त आत येते आणि वाइन जास्त बाहेर उडते.

कोऱ्या छोट्या पिंपात वाइन तीन-चार आठवड्यांतच लाकडाने भरून जाते. चव घेतली की आधी व्हॅनिला लागते, मग सुतारकामाच्या भुशासारखा कोरडा तुरटपणा, आणि द्राक्ष कुठल्या कुठे गेलेले असते. आता ती बाहेर काढावीच लागते. पण पिंपात मुरवण्याचा जो खरा लाभ, म्हणजे हवेच्या अगदी मंद स्पर्शाने टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) मऊ होणे, रंग स्थिर होणे, चव एकजीव होणे, त्याला काही महिने लागतात. लाकूड आठवड्यांत उतरते आणि पक्वता महिन्यांत येते. छोट्या पिंपात या दोन घड्याळांचा मेळ बसत नाही. मोठ्या पिंपांचा आकार पिढ्यान्‌पिढ्या २२५ लिटर (बोर्दो) किंवा २२८ लिटर (बर्गंडी) असा टिकून राहिला, त्यामागे दोन माणसांना गडगडत नेता येण्याची सोय आहेच. पण एक-दीड वर्ष वाइन आत राहिली तरी लाकूड डोक्यावर बसत नाही, हेही आहे.

मग २२५ लिटरचे जुने पिंप का नको? कारण तुमच्याकडे ६५ लिटर आहेत. अर्धे किंवा पाव भरलेले पिंप म्हणजे वाइनवर पसरलेली हवा. ॲसिटिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते, हे लुई पाश्चर यांनी १८६०च्या दशकातच दाखवून दिले आहे. असे पिंप हा व्हिनेगरचा कारखानाच. ‘वरच्या जागेत कार्बन डायऑक्साइड सोडेन’ असे काहीजण म्हणतात. धातूच्या टाकीत ते काही काळ चालते, पण लाकूड श्वास घेते, वायू टिकत नाही आणि वाइनच्या वरच्या कोरड्या फळ्या आकसून आणखी हवा आत घेतात. चार घरांनी मिळून एकत्र वाइन केली तर २२५ लिटरचे पिंप जरूर घ्या. ते कधीही उत्तमच. फक्त भरल्यावर ते पावणेतीनशे किलोच्या आसपास जाते, तेव्हा जमीन आणि घोडी (पिंप टेकवायची चौकट) कशी आहे ते आधी बघा.

व्हिस्कीचे पिंप वेगळ्या कामासाठी बनलेले असते. त्याच्या आतल्या बाजूला आग लावून लाकडाचा कोळसा केलेला असतो, तर वाइनच्या पिंपाला हळूहळू शेकवलेले असते. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीला कायद्यानेच आतून जाळलेले नवे ओक लागते, म्हणून अशी एकदा वापरलेली पिंपे बाजारात सहज मिळतात आणि लोकांना मोह होतो. त्यातून वाइनला धुराची आणि कडक दारूची झाक येते, आणि कोळशाचे बारीक कण उपसताना सोबत येतात ते वेगळेच. जाड अंगाच्या, गडद, जास्त अल्कोहोलच्या वाइनला हे सोसते. रोजच्या जेवणातल्या लाल वाइनला नाही. आणि एक धोक्याची सूचना: नुकत्याच रिकाम्या झालेल्या दारूच्या पिंपात जंतू मारायला गंधकाची कांडी पेटवायची नाही. आतली अल्कोहोलची वाफ पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. आधी भरपूर पाण्याने धुवा, निथळू द्या, पुढचे सगळे त्यानंतर.

आता लाकडाविषयी. ओक सोडून चेस्टनट, अकेशिया, चेरी यांचीही पिंपे होतात, पण पहिल्या पिंपासाठी ओकच घ्या. ते घट्ट असते, वाकवता येते, आणि त्यातून उतरणारे पदार्थ वाइनशी जुळतात. बाजारात मुख्यतः दोन घराणी दिसतील. अमेरिकी पांढरा ओक, आणि युरोपी ओकच्या दोन जाती, ज्या फ्रान्समध्ये आलिए, त्रोंसे, व्होज या भागांतल्या जंगलांतून येतात. हंगेरीतल्या झेम्प्लेन टेकड्यांतलाही ओक चांगला असतो. अमेरिकी ओकच्या लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या बारीक नळ्या आतून निसर्गतःच बुजलेल्या असतात, त्यामुळे त्याच्या फळ्या करवतीने कापल्या तरी गळत नाहीत. फ्रेंच ओक मात्र धाग्याच्या रेषेतच फोडावा लागतो, नाहीतर फळी पाझरते. फोडताना ओंडक्याचा बराच भाग वाया जातो, आणि फ्रेंच पिंप महाग असण्याचे हे मोठे कारण आहे. चवीत अमेरिकी ओक नारळ आणि व्हॅनिलाकडे झुकतो, गोडसर आणि उघड. फ्रेंच ओक टॅनिन जास्त देतो, पण वास संयमित, मसाल्याकडे जाणारा. हंगेरी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. हलक्या, फळांच्या वासाच्या वाइनला अमेरिकी नवे पिंप सहसा झेपत नाही.

भाजणीचे सोपे सूत्र असे: हलकी भाजणी म्हणजे लाकूड आणि टॅनिन जास्त, मध्यम म्हणजे व्हॅनिला आणि गोलाई, गडद म्हणजे धूर, कॉफी, लवंगेसारखा वास आणि कमी टॅनिन. शंका असेल तर मध्यम. विकणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारा. लाकूड उघड्यावर किती काळ वाळवले? चांगले कारागीर फळ्या दोन ते तीन वर्षे ऊन-पावसात ठेवतात. त्यात नुसते पाणी जात नाही, कडू, खरखरीत टॅनिनही धुऊन निघते. भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडाची वाइन हिरवट, दाढ आवळणारी लागते. दुसरा प्रश्न: आत मेण किंवा पॅराफिन लावले आहे का? शोभेची आणि भेटवस्तूंची अनेक छोटी पिंपे आतून मेणवलेली किंवा बाहेरून व्हार्निश मारलेली असतात. मेण लावलेले पिंप म्हणजे लाकडी वेष घातलेले बंद भांडे, त्यात वाइन मुरत नाही. व्हार्निशचे तर घेऊच नका.

जुने पिंप बघायला जाल तेव्हा नाक हे पहिले साधन. बूच काढा, तोंड भोकाशी न्या आणि दीर्घ श्वास घेण्याआधी हाताने थोडी हवा आपल्याकडे ओढून घ्या, कारण आत गंधकाचा धूर कोंडलेला असू शकतो. तो झोंबला तर उलट चांगले लक्षण, कोणीतरी काळजी घेतली आहे. धूर जाऊ द्या आणि मग वास घ्या. वाइन, लाकूड, व्हॅनिला असा वास आला तर पुढे जा. व्हिनेगर किंवा नखांच्या रंगाच्या रिमूव्हरसारखा वास आला तर तिथेच नमस्कार करा. ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट तळघरासारखा वास आला तरीही तेच. घोड्याच्या तबेल्यासारखा, चिकटपट्टीसारखा वास असेल तर ते ब्रेटानोमायसेस नावाचे यीस्ट. त्याची गोष्ट पुढे येते. नंतर भोकातून छोटा दिवा सोडून आत बघा. वाइनचे खडे आणि डाग चालतात. पांढरी-हिरवी लव, फोड आलेली भाजणी, फळ्यांमधून दिसणारा बाहेरचा उजेड, यांतले काहीही दिसले तर किंमत कितीही कमी असो, नको. उजेडाच्या बाबतीत थोडी सवलत आहे. कोरडे पडलेले पिंप भिजवल्यावर मिटते. पण ते किती काळ कोरडे होते आणि त्या काळात आत काय वाढले, हे कोणी सांगू शकत नाही.

पिंप किती वेळा भरले गेले आहे तेही विचारा. तीन ते पाच भरण्यांनंतर ओकची चव जवळजवळ संपते. ते वाईट नाही. चव संपलेले, पण निरोगी पिंप हवेचे काम तितकेच छान करते, आणि नवख्या माणसासाठी ते खरे तर नव्यापेक्षा सुरक्षित, कारण वाइन लाकडाखाली दबण्याची भीती राहत नाही. ५० लिटरच्या आसपासचे असे निरोगी जुने पिंप ओळखीच्या माणसाकडून मिळत असेल तर डोळे झाकून नको, पण नाक उघडे ठेवून घ्या.

नवे पिंप घरी आले की ते फुगवायचे. लाकडाच्या पिंपाला ना डिंक असतो ना खिळे. फळ्या एकमेकींवर दाबून बसतात आणि तो दाब ओलाव्याने येतो. मला गरम पाण्याची पद्धत जास्त भरवशाची वाटते. पिंपाच्या आकारमानाच्या दहा टक्के, म्हणजे ५० लिटरला पाच लिटर, ८० अंशांच्या आसपासचे पाणी ओता, बूच घट्ट बसवा आणि पिंप हळूहळू सगळीकडे फिरवा. मग ते एका तोंडावर उभे करा आणि वरच्या तोंडाच्या थाळीवरही थोडे गरम पाणी घाला. पंधरा-वीस मिनिटांनी उलटे करून दुसऱ्या तोंडाला तसेच. वाफेने आत दाब चढतो आणि पिंप कुठे गळते आहे ते लगेच सांगते: फळ्यांच्या सांध्यावर बारीक बुडबुडे येतात, किंवा थाळी जिथे खाचेत बसते तिथे पाण्याची रेघ उमटते. त्या जागेवर खडूने खूण करा. पाणी गार झाल्यावर बूच काढाल तेव्हा हवा ‘सुस्स’ करून आत शिरली पाहिजे. तो आवाज आला म्हणजे आत पोकळी तयार झाली होती, म्हणजेच पिंप घट्ट आहे. आवाज आला नाही आणि गळती चालू राहिली तर गार पाण्याने काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवा. त्यापेक्षा जास्त काळ साधे पाणी आत ठेवू नका, ते नासते आणि तो वास लाकडात जातो. तरीही गळत असेल तर लोखंडी कड्या बोथट छिन्नी आणि हातोडीने पोटाच्या दिशेने ठोका. एका जागी जोराने मारू नका, कडीभोवती फिरत थोडे थोडे मारा.

पिंप कुठे ठेवायचे हेही भरण्यापूर्वीच ठरवा, नंतर ते हलत नाही. जागा गार, १२ ते १६ अंश असेल तर उत्तम, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे तापमान स्थिर हवे. हवेतली आर्द्रता ६५ ते ७५ टक्के असावी. कोरड्या जागेत पाणी जास्त उडते आणि वाइन कडक होत जाते. फार दमट जागेत अल्कोहोल जास्त उडते आणि बाहेरून बुरशी येते. ती आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसली तरी पुरे. पिंप पोटावर टेकवू नका. पोटाकडच्या फळ्यांवर सगळा भार आला की सांधे उघडतात. घोडीचा टेकू दोन्ही टोकांकडच्या कड्यांपाशी यावा.

वाइन पिंपात घालायची कधी? मुख्य किण्वन संपून जाड गाळ बसल्यावर एकदा उपसून घ्या, मगच. जाड गाळ पिंपात गेला तर सडक्या अंड्याचा वास येतो आणि नंतर पिंप धुणे अवघड होते. लाल वाइनचे मॅलोलॅक्टिक किण्वन, म्हणजे जिवाणूंनी मॅलिक आम्लाचे मवाळ लॅक्टिक आम्ल करणे, पिंपात छान होते. पण ते पूर्ण होईपर्यंत सल्फाइट (वाइन टिकवणारा गंधकयुक्त क्षार) घालायचे नाही आणि बुचाला हवा सुटण्याची सोय ठेवायची. हा मधला काळ वाइनसाठी नाजूक असतो, तो उगाच लांबू देऊ नका.

ते संपले की सल्फाइटचा हिशेब सुरू. इथे पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकी वाइन आम्ल) माहीत असल्याशिवाय आकडा सांगणे निरर्थक आहे. सल्फाइटमधून मिळणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा जो अंश खरोखर जंतूंना मारतो तो पीएच वाढला की झपाट्याने घटतो. पीएच ३.२ असेल तर लिटरला १३ मिलिग्रॅम मुक्त (वाइनमध्ये बांधला न गेलेला) सल्फर डायऑक्साइड जे काम करतो, त्याच कामाला ३.५ वर २५ आणि ३.८ वर ५० लागतात. म्हणून पिंप घेण्याआधी पीएच मीटर घ्या. पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या (सल्फाइटची नेहमीची पावडर) वजनाच्या ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. म्हणजे ५० लिटरमध्ये लिटरमागे ३० मिलिग्रॅम वाढवायचे तर साधारण २.६ ग्रॅम पावडर. थोड्या वाइनमध्ये विरघळवा, घाला, स्वच्छ काठीने हलकेच ढवळा. घातलेल्यातला काही भाग वाइनमध्ये बांधला जातो, आणि पिंपात तो काचेपेक्षा लवकर खर्च होतो, म्हणून दर महिना-दीड महिन्याला मोजून बघा.

आता भरणी. नव्या पिंपाचे लाकूड सुरुवातीला वाइन पिते. २२५ लिटरचे पिंप पाच लिटरच्या आसपास पिऊन टाकते. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात दोन-तीनदा बघावे लागते. नंतर ५० लिटरच्या पिंपात महिन्याला पाव ते अर्धा लिटर तूट धरा. ती भरणारी वाइन लहान लहान बाटल्यांत, प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत भरून ठेवा. एकच मोठा कार्बॉय अर्धा करत गेलात तर भरणीची वाइनच आधी बिघडेल आणि ती तुम्ही दर महिन्याला स्वतःच्या हाताने पिंपात घालत राहाल.

काळजीपोटी लोक दर दोन-तीन दिवसांनी बूच उघडून बघतात. हे करू नका. घट्ट बुचाच्या पिंपात वाइन कमी होते तेव्हा वरच्या जागेत हवा भरलेली नसते, तिथे बरीचशी पोकळी असते. तुम्ही बूच काढता त्या क्षणी ती पोकळी हवा ओढून घेते. म्हणजे ज्याची भीती, तेच आपण घडवतो. ५० लिटरला तीन आठवड्यांतून एकदा उघडा, भरा, चव घ्या, बुचाभोवतीचे लाकूड सल्फाइटच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा आणि बंद करा. बूच सिलिकॉनचे घ्या. लाकडी बुचाखाली गुंडाळलेले कापड वाइनने ओले होते, आणि व्हिनेगरची सुरुवात नेमकी तिथून होते. उघडताना सुस्कारा ऐकू आला तर सगळे ठीक. सलग दोनदा आला नाही तर पिंप कुठून तरी हवा घेते आहे. शोधा.

किती दिवस ठेवायची, हे जीभ ठरवते. कोऱ्या ५० लिटरच्या पिंपात पहिली वाइन दोन-तीन महिन्यांत काढण्याच्या बेतात येते. पहिला महिना झाला की दर आठवड्याला चव घ्यायची, आणि इथे मघाचा तीन आठवड्यांचा नियम मोडावाच लागतो, फक्त लगेच भरून बंद करायचे. ओक थोडा जास्त वाटू लागला की काढा, बाटलीत तो काही महिन्यांत मुरून मागे सरतो. दुसऱ्या वर्षीची वाइन पाच-सहा महिने राहील, तिसऱ्या वर्षापासून ती वर्षभरही राहू शकते. पहिल्या वर्षी त्यातल्या त्यात दणकट, तुरट वाइन पिंपात घाला आणि नाजूक वाइन नंतरच्या वर्षांसाठी ठेवा. लाल वाइनच्या पिंपात पांढरी वाइन घालण्याचा विचार कधीही करू नका, रंग उतरतो आणि जात नाही.

पिंप सांभाळण्याचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ते रिकामे न ठेवणे. एक वाइन काढली त्याच दिवशी दुसरी आत गेली पाहिजे, असे वेळापत्रक आखा. नव्या हंगामाची वाइन पहिल्या उपशाला आली की जुनी बाटलीत भरायची, दुपारी पिंप धुवायचे, संध्याकाळी नवी आत. धुण्यासाठी आधी गार पाणी, गाळ निघेपर्यंत. मग गरम पाणी, कारण भिंतीला चिकटलेले टार्टरचे (वाइनमधल्या आम्लाच्या क्षाराचे) खडे गरम पाण्यातच सुटतात. पाणी स्वच्छ आले की भोक खाली करून निथळत ठेवा. साबण नाही, डिटर्जंट नाही, आणि ब्लीच तर मुळीच नाही. क्लोरीन, लाकूड आणि बुरशी एकत्र आली की ट्रायक्लोरोॲनिसोल बनते, तोच तो कुबट वास. ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असले तरी वाइन मारते आणि लाकडातून पुन्हा निघत नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी कोळशाच्या गाळणीतून घ्या.

रिकामे ठेवावेच लागले तर दोन वाटा आहेत. पिंप तरुण असेल आणि त्यातला ओक जपायचा असेल तर कोरडी वाट. धुऊन, एक-दोन दिवस निथळून, आत गंधक जाळायचे. २२५ लिटरला ५ ते १० ग्रॅम लागते, ५० लिटरला दोनेक ग्रॅम पुरते. गंधक वितळून खाली पडू देऊ नका, तारेच्या टोकाला छोटी वाटी लावा. तळाशी पडलेले न जळलेले गंधक पुढच्या वाइनमध्ये सडक्या अंड्याचा वास करते. बूच लावा आणि दर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा जाळा. आतल्या लाकडात वाइन मुरलेली आहे, धूर संपला की तीच व्हिनेगर होऊ लागते. काम उघड्यावर करा. दम्याच्या माणसाने जवळही येऊ नये.

पिंप जुने असेल किंवा तीन-चार महिन्यांहून जास्त रिकामे राहणार असेल तर ओली वाट. लिटरमागे १ ग्रॅम सायट्रिक आम्ल आणि २ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. ५० लिटरला ५० ग्रॅम आणि १०० ग्रॅम. पिंप तीन चतुर्थांश पाण्याने भरा, दोन्ही वेगवेगळे विरघळवून घाला, मग काठोकाठ भरा. महिन्याला पातळी बघा, वास बघा. झोंबेनासे झाले की द्रावण बदला. याने पिंप आकसत नाही आणि आत काही वाढत नाही, पण ओकची चव पाण्यात उतरत जाते, म्हणून नव्या पिंपाला ही वाट नको. परत वाइन घालण्यापूर्वी दोन-तीनदा पाण्याने भरून रिकामे करा.

आजारांपैकी व्हिनेगरवर माझ्याकडे उपाय नाही. सोडा, वाफ, गंधक सगळे करून वास जातो, पुढच्या वाइनमध्ये परत येतो. असे पिंप व्हिनेगरसाठीच ठेवा, आणि वाइनपासून दूरच्या खोलीत. ब्रेटानोमायसेसचे दुखणे असे की ते लाकडात आठ मिलिमीटरपर्यंत आत सापडलेले आहे, आणि भाजलेल्या लाकडातली साखर त्याला खायला पुरते. वरवर धुऊन ते हलत नाही. ७० अंशांच्या वरचे पाणी पिंपभर अर्धा तास ठेवले किंवा वाफ दिली तर संख्या खूप घटते, निर्मूलनाची हमी नसते. त्या पिंपाला स्वतंत्र नळी, स्वतंत्र चव घेण्याची नळी ठेवा आणि त्याची वाइन दुसऱ्यात मिसळू नका. नुसता शिळा, आंबूस वास असेल तर सोडियम परकार्बोनेट लिटरमागे दोन-तीन ग्रॅम कोमट पाण्यात घालून रात्रभर ठेवा, ओता, सायट्रिक आम्लाच्या पाण्याने एकदा फिरवा आणि भरपूर धुवा. यात ओकचीही चव उतरते, म्हणून हे औषध गरजेपुरतेच.

भरलेल्या पिंपाची बारीक गळती घाबरण्यासारखी नसते. सांध्यावर थेंब दिसला तर जागा पुसून पिंपाचे मेण बोटाने दाबून भरा. ते बाहेरूनच लावायचे असते. फळीच्या मध्येच टाचणीएवढ्या भोकातून धार येत असेल तर ते किड्याने पाडलेले असते. ओकची छोटी निमुळती खुंटी तासा, भोकात बसवा, हलक्या हातोडीने ठोका, वरचा भाग कापून टाका. ओली खुंटी फुगते आणि मिनिटभरात धार थांबते. आसपास ताजा भुसा दिसतो का ते पुढचे काही आठवडे बघा.

आणि ५० लिटरचे पिंप मिळेपर्यंत या वर्षीची वाइन अडवून ठेवू नका. भाजलेल्या ओकचे चौकोनी तुकडे लिटरमागे दोन-तीन ग्रॅम कार्बॉयमध्ये घाला आणि दोन-तीन महिने ठेवा, चव घेत राहा. भुशासारख्या बारीक चिप्सपेक्षा तुकडे बरे, ते सावकाश उतरतात. हवेचे काम त्याने होत नाही, पण तुमच्या वाइनला अमेरिकी ओक मानवतो की फ्रेंच, हलकी भाजणी की मध्यम, हे दोन-तीन कार्बॉयमध्ये वेगवेगळे तुकडे घालून आत्ताच कळेल, आणि पिंप घेताना तो अंदाज हाताशी असेल. पुढे पाच-सहा वर्षांनी पिंपाची चव संपली की हेच तुकडे कापडी पिशवीत बांधून बुचाच्या भोकातून आत सोडता येतात. पिशवीचा दोरा मात्र बाहेर बांधून ठेवा, आणि तो बुचाशेजारून हवा घेणार नाही इतका बारीक असू द्या.